काळपुळीच्या जागा नकाशावर आणा : आरोग्यमंत्री आणि पशुसंवर्धनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि माननीय पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

हे पत्र आपल्या दोघांच्या नावे एकत्र लिहितो आहे, कारण ज्या रोगाबद्दल लिहायचे आहे तो एका खात्यात मावत नाही. गोठ्यात बैल मेला तर तो पशुसंवर्धनाचा विषय होतो. त्याच बैलाचे कातडे सोलणाऱ्याच्या मनगटावर काही दिवसांनी काळी खपली धरली तर तो आरोग्य खात्याचा. आणि या रोगाचा जंतू ज्या जमिनीत वर्षानुवर्षे पडून असतो, त्या जमिनीची पद्धतशीर नोंद ठेवलेली मी माझ्या साऱ्या नोकरीत पाहिली नाही. जनावरांत आपण या रोगाला फाशी म्हणतो, माणसांत काळपुळी. डॉक्टरी भाषेत अँथ्रॅक्स.

माझे मागणे एकच आहे. महाराष्ट्रात हा जंतू कोणकोणत्या जागी मातीत टिकून आहे, याचे नीट संशोधन राज्याने हाती घ्यावे, आणि ते आपल्या दोन्ही खात्यांनी मिळून करावे.

मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी आहे. नोकरीची बरीचशी वर्षे मराठवाड्यात गेली. या रोगाचा निरोप सहसा सकाळी सकाळी येतो. रात्री वैरण खाऊन रवंथ करत बसलेला बैल पहाटे मरून पडलेला असतो. पोट टम्म फुगलेले, पाय नेहमीसारखे ताठरलेले नाहीत, नाकातून आणि गुदद्वारातून डांबरासारखे काळे रक्त आलेले, आणि ते रक्त गोठत नाही. मालक म्हणतो, "पान लागलं असंल, साहेब," म्हणजे साप चावला असेल. शेजारच्याला विषाचा संशय असतो. अशा वेळी पशुवैद्याने जनावर फाडायचे नसते. कानाच्या शिरेला टोचून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचे, पसरून वाळवायचे आणि टोचलेल्या जागी जंतुनाशकात भिजवलेला कापूस दाबून ठेवायचा. काच मेथिलीन ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की चौकोनी टोकांच्या निळ्या कांड्या दिसतात आणि त्यांच्याभोवती गुलाबी कडा. ती गुलाबी कडा दिसली की पोटात गोळा येतो, कारण तोवर निम्मे गाव त्या जनावराभोवती उभे राहून गेलेले असते. कुणी शेपटी धरून ओढलेले असते, कुणी तोंडातला फेस पुसलेला असतो.

जनावर का फाडायचे नाही, हे गावाला एकदा समजावून सांगितले की पटते. शव बंद राहिले तर आतले जंतू कुजण्याच्या क्रियेत काही दिवसांत मरतात. शव उघडले, रक्त सांडले, हवा लागली की तेच जंतू बीजाणू, म्हणजे टणक कवचातले सुप्त रूप, होऊन बसतात, आणि मग त्यांना ऊन, दुष्काळ, पाऊस, काहीही चालते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिशांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर या जंतूची चाचणी घेतली. फॉर्मल्डिहाइड आणि समुद्राच्या पाण्याने जमीन भिजवून काढल्यानंतर ते बेट सुरक्षित असल्याचे जाहीर झाले, ते १९९० साली. आपल्या गावांतल्या ढोरे टाकायच्या जागा कुणी अशा धुतलेल्या नाहीत.

इथे व्यवहारातली एक अडचण सांगितलीच पाहिजे. जनावराचा विमा असेल तर दाव्यासाठी शवविच्छेदनाचा अहवाल मागितला जातो. मालकाचे हजारोंचे नुकसान झालेले असते, तो हात जोडून उभा असतो, आणि पशुवैद्याने "फाडणार नाही" म्हणायचे असते. तरुण पशुवैद्यावर हा दबाव केवढा असतो ते मी अनुभवाने सांगतो. फाशीचा संशय असेल तिथे रक्ताच्या काचेचा अहवालच दाव्यासाठी पुरेसा मानावा, एवढा एक आदेश निघाला तरी कितीतरी शवे बंद राहतील.

आता माणसाकडे येतो. जगभरात माणसांना होणाऱ्या अँथ्रॅक्सपैकी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत तो त्वचेचा असतो. हातावर, मानेवर, चेहऱ्यावर आधी किडा चावल्यासारखी खाजरी पुळी येते. एकदोन दिवसांत तिच्याभोवती पाण्याचे फोड उठतात, भोवतालची कातडी सुजते आणि मधोमध कोळशासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही. घात होतो तो इथेच. दुखत नाही म्हणून माणूस कामावर जात राहतो, झाडपाल्याचा लेप लावतो, आठवडा घालवतो. वेळेवर पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन मिळाले तर जवळपास सगळे बरे होतात. उपचारच झाले नाहीत तर शंभरातले दहा ते वीस दगावू शकतात. म्हणजे औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात आहे, पण "घरी किंवा गावात एवढ्यात जनावर मेले का?" हा प्रश्न तिथे विचारला जात नाही, आणि गावात जनावर मेले होते हे पशुवैद्यकीय दवाखान्याकडून आरोग्य केंद्राला कळवले जात नाही. माझ्या काळात मी स्वतः ओळखीच्या डॉक्टरांना फोन करायचो. तशी कामकाजाची पद्धत मात्र नव्हती.

काळपुळी कुणाला होते, हेही स्पष्ट लिहायला हवे. मेलेले जनावर ओढणारा, सोलणारा, पुरणारा, हाडे गोळा करणारा. आणि गरिबीमुळे ते मांस ज्यांच्या घरात शिजते, ती माणसे. ही कामे कोणत्या समाजांवर लादली गेली हे महाराष्ट्राला माहीत आहे. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितले, ते माणसाच्या प्रतिष्ठेसाठी. शंभर वर्षे होत आली तरी मेलेले ढोर उचलायला निरोप जातो तो ठरावीक घरांतच. म्हणून संशोधनाची सुरुवात या घरांपासून व्हावी. त्यांच्या रक्ताची तपासणी, त्यांच्या अंगावरच्या जुन्या व्रणांची चौकशी, त्यांना हातमोजे, बूट आणि औषध आधी. रोग पसरवणारे म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले गेले तर ते लपवतील, आणि तो दोष त्यांचा नसेल.

मातीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळे तिथे अडले आहे. या जंतूचे बीजाणू आम्लधर्मी जमिनीत फार तग धरत नाहीत. कॅल्शियम भरपूर असलेली, अल्कधर्मी, सेंद्रिय पदार्थ असलेली जमीन त्यांना मानवते. मराठवाडा आणि विदर्भातली आपली काळी कसदार जमीन चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे. उन्हाळ्यात गायरानावर गवत उरत नाही, जनावरे मातीला तोंड लावून खुरट्या काड्या ओरबाडतात; पहिल्या पावसात सखल भागात पाण्याबरोबर बीजाणू वाहत येऊन साचतात. पाश्चरने १८८० साली लिहिले होते की पुरलेल्या शवांजवळचे बीजाणू गांडुळे वर आणतात. १८८१ च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधल्या पुई-ल-फोर इथे त्याने मेंढ्यांवर लस सिद्ध करून दाखवली. आपल्या देशातले पशुरोगांच्या संशोधनाचे पहिले सरकारी केंद्र १८८९ साली पुण्यातच सुरू झाले आणि १८९३ ला कुमाऊंत मुक्तेश्वरला हलले. इतका जुना वारसा असलेल्या राज्यात, कोणत्या तालुक्याच्या कोणत्या गटात बीजाणू आहेत हे सांगणारा एक नकाशा असू नये?

नकाशा नसल्याचा परिणाम लसीकरणावर होतो. फाशीची लस, म्हणजे स्टर्न या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात तयार केलेल्या, या जंतूच्या सौम्य जातीची बीजाणू लस, सरसकट सगळीकडे टोचत नाहीत. जिथे रोगाची नोंद आहे तिथे, पावसाळ्याच्या आधी, दरवर्षी टोचायची असते. मग जिथे जनावर "पान लागून" मेल्याची नोंद झाली तिथे लस जात नाही. लस गेली नाही म्हणून पुन्हा जनावर मरते, पुन्हा तशीच नोंद होते. बंगळुरूची निवेदी ही संस्था जिल्हावार पशुरोगांचा अंदाज देते, आणि ते काम मोलाचे आहे. पण तोही अंदाज खालून गेलेल्या नोंदींवरच उभा असतो.

या कामाला लागणारी बहुतेक माणसे एका शहरात आहेत, याकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. देशाच्या मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपूरला आहे. राज्याचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ नागपूरला आहे. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचे आरोग्य एकत्र पाहणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरलाच झाली. पुण्याला औंधला रोग अन्वेषण विभाग आणि लसनिर्मिती आहे. मातीचा नकाशा एकाकडे, जनावरांच्या मृत्यूच्या नोंदी दुसऱ्याकडे, आणि काळ्या खपलीचे रुग्ण तुमच्या आरोग्य केंद्रांत. हे तीन कागद एकमेकांवर ठेवायचे आहेत. मग संशयित जागांची माती तपासायची, मिळालेल्या जंतूंची जनुकीय ओळख काढायची, म्हणजे एखादी साथ गावातल्याच जुन्या खड्ड्यातून उठली की बाजारातून आणलेल्या जनावराबरोबर आली, हे सांगता येईल.

एका प्रश्नाचे उत्तर मला स्वतःला फार हवे आहे. आम्ही आयुष्यभर खड्ड्यात चुना टाकत आलो. प्रत्येक सूचनापत्रात तसे लिहिलेले असे. चुन्यातले कॅल्शियम बीजाणूंना टिकून राहायला उलट मदत करत असावे, असा इशारा या विषयातल्या जाणकारांनी दिलेला आहे. आधीच चुनखडी असलेल्या काळ्या जमिनीत याचे काय होते, हे आपल्या मातीत, आपल्या प्रयोगशाळेत तपासायला हवे. उत्तर काहीही येवो, गावोगावच्या कर्मचाऱ्याला नेमके काय करायचे ते कळेल.

पैशाचा प्रश्न येईल म्हणून लम्पीची आठवण देतो. २०२२ साली लम्पी आला तेव्हा याच राज्याने राज्यभर गायी-बैलांचे लसीकरण करून दाखवले, आणि दगावलेल्या दुधाळ गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये दिले. मदत मिळणार हे कळल्यावर मालक मृत्यू लपवत नाही, उलट स्वतःहून सांगायला येतो. फाशीने मेलेल्या आणि न फाडता पुरलेल्या जनावरालाही तशीच भरपाई जाहीर करा. जनावर विकून चार पैसे सोडवण्याचा मोह तिथेच संपेल. हा रोग २००९ च्या केंद्रीय पशुरोग कायद्याच्या अनुसूचीत आहे, संशय आला तरी कळवणे बंधनकारक आहे. पण नुसत्या बंधनाने गोठ्यातली बातमी बाहेर येत नाही.

शेजारचे उदाहरणही आहे. ओडिशातल्या कोरापूट जिल्ह्यात त्वचेच्या अँथ्रॅक्सचे रुग्ण अनेक वर्षे सापडत आले आहेत. मेलेल्या जनावराचे मांस कापणे आणि खाणे हे तिथले मुख्य कारण. भुवनेश्वरच्या आयसीएमआर केंद्राने तिथे आरोग्य आणि पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांना बरोबर घेऊन काम उभे केले. बस्तरच्या पलीकडे कोरापूट आहे आणि अलीकडे आपली गडचिरोली. जंगल, गुरे चारण्याची रीत, दवाखान्याचे अंतर, यांत फारसा फरक नाही. २०२२ च्या जूनमध्ये केरळात अतिरप्पिळ्ळीच्या जंगलात रानडुकरे याच रोगाने मेली, म्हणजे वन विभागालाही या बैठकीत बोलवावे लागेल.

शेवटी एक तातडीची गोष्ट. तालुक्याच्या जुन्या दवाखान्यांत साथींच्या नोंदवह्या आहेत. काही वाळवीने खाल्ल्या, काही कार्यालय हलवताना गेल्या. ज्यांनी त्या लिहिल्या ते पशुवैद्य, ड्रेसर, शिपाई आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कोणत्या वर्षी कोणत्या ओढ्याकाठी जनावरे पुरली हे त्यांना आणि गावातल्या म्हाताऱ्या गुराख्यांना अजून सांगता येते. त्यांचे पत्ते आपल्याच कार्यालयांच्या निवृत्तिवेतनाच्या यादीत आहेत. येत्या पावसाळ्याआधी, लसीकरणाचे नियोजन होते तेव्हाच, एकेका जिल्ह्यात त्यांना बोलवा, सोबत गावनकाशा आणि मोबाइलवर ठिकाण टिपणारा एक माणूस द्या. हे काम एखाद्या जिल्ह्यापासून सुरू करायचे असेल तर मराठवाड्यातल्या माझ्या जुन्या तालुक्यांतल्या जागा दाखवायला मी यायला तयार आहे. गाडीभाडेही नको.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी