वणवा विझवणाऱ्या बाईच्या हाती गटाची सूत्रं द्या

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचे स्फोट झाले, त्यात आग विझवताना गेलेल्या जवानांना सलामी दिली जाते. ती द्यायलाच हवी. पण त्याच एप्रिलात आमच्या कोकणातले सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची गवताळ कातळ-पठारं, पेटत असतात आणि तिथे ना बंब पोचतो, ना जवान.

का पोचत नाही, याचं उत्तर कायद्यातच आहे. अग्निशमन हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या यादीत. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात आगीचं नाव नाही. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतेक डोंगर खासगी मालकीचे, त्यामुळे वनखात्याचे वणवा रक्षकही सगळीकडे नसतात. राहता राहिलं गाव.

आणि दुपारी बारा वाजता गावात असतं कोण? तरणे पुरुष मुंबईला, नाहीतर चिपळूण-लोट्याच्या कंपन्यांत. वाडीत बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतून आलेली पोरं. कुणाची भाजावळ, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं, हाताबाहेर जाते, कुठे तारेला तार घासून ठिणगी पडते आणि वाळलं गवत काजूच्या बागेपर्यंत पेटत जातं. बायका ओचे खोचून जांभळीचे ओले टहाळ तोडतात आणि आगीच्या कडेकडेने झोडपत जातात. आगीच्या तोंडासमोर कुणी उभं राहत नाही. वारा फिरला की आग चढाला लागते, तेव्हा कुठल्या पाणंदीने मागे यायचं, हे पुढची बाई हाळी देऊन सांगते. एक जण नुसती मुलांना आणि गुरांना आवरायला ठेवलेली असते. नायलॉनची साडी किंवा मॅक्सी नेसून आलेलीला आल्या पावली परत पाठवतात, कारण ते कापड वितळून अंगाला चिकटतं. हे सगळं कुणी शिकवलेलं नाही, पण साहेब, याला नेतृत्वच म्हणतात ना?

कागदावर मात्र हे दिसत नाही. एका बैठकीत आमच्या वाडीच्या, वणवा विझवणाऱ्या स्वयंसेवक गटाचा प्रमुख ठरवायचा होता. नाव गेलं मुंबईला नोकरी करणाऱ्या एका भल्या माणसाचं. गणपतीला आणि शिमग्याला तो हमखास येतो, बाकी वर्षभर नाही. पुढे वणवा लागला तेव्हा तालुक्यावरून फोन त्याला गेला. त्याने बायकोला लावला, पण ती उचलणार कशी? ती डोंगरावर आग झोडपत होती. त्या माणसाला मी दोष देत नाही. यादी करणाऱ्यांना बाईचं नाव सुचलंच नाही, एवढंच. निम्मी सरपंचपदं बायकांना राखीव ठेवणाऱ्या राज्यात हे घडतं.

‘बायकांना झेपेल का’ हा प्रश्न आता तरी नको. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५६ सालचं. त्यात पहिली विद्यार्थिनी, हर्षिनी कान्हेकर, २००२ साली दाखल झाली. मधली ४६ वर्षं बायकांत दम नव्हता असं थोडंच आहे! दार कुणी उघडलं नव्हतं. आज शहरांच्या अग्निशमन दलांत मुली शिडी चढताना दिसतात. पण गावातल्या स्वयंसेवी कामात बायका राबायला पुढे आणि निर्णयाला मागे, हे अजून तसंच आहे.

स्वयंसेवकांच्या जिवावर आग विझवणारे देश आहेत. चिलीतलं अग्निशमन दल तर जवळजवळ सगळं स्वयंसेवकांचंच आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या गावोगावच्या तुकड्यांचा कॅप्टन स्वयंसेवकच मतदानाने निवडतात. तिथेही बाई कॅप्टन होणं सोपं नाही म्हणा. पण निदान निवड तरी आग विझवणाऱ्यांच्याच हाती असते.

म्हणून मागणं साधं आहे. आपत्तीत मदतीला धावणारे स्वयंसेवक तयार करणाऱ्या सरकारच्या आपदा मित्र योजनेतून असो की आणखी कशातून, वाडीचा गटप्रमुख गटानेच निवडावा, आणि जानेवारी ते मे या काळात जी व्यक्ती गावात मुक्कामी असते तिचंच नाव लागावं. बायकांसाठी वेगळी जागा राखून द्या असं मी म्हणत नाही. ही एक अट घाला, नावं आपोआप बदलतील. गटप्रमुखाचा नंबर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात (फोन १०७७) आणि महावितरणच्या उपकेंद्रात नोंदलेला हवा, म्हणजे तिने ‘वीज बंद करा’ म्हटलं की ‘आधी साहेबांना विचारतो’ असं उत्तर येणार नाही. आपदा मित्रचं बारा दिवसांचं निवासी प्रशिक्षण घर आणि गुरं सोडून कुठल्या बाईला जमणार? ते तोडून तोडून, गावाजवळच्या शाळेत, भाजावळ सुरू होण्याआधी घ्या. विमा गटातल्या प्रत्येकीचा असू द्या. आणि बूट पाठवाल तेव्हा चार-पाच नंबरचेही पाठवा. आठ-नऊ नंबरच्या गमबुटात चढ चढता येत नाही.

शिमग्याआधी हा आदेश निघाला, तर याच हंगामात उपयोग होईल.

आपली,
एक स्वयंसेविका
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी