जिभेचे घर छातीत

महोदय,

वटवाघळांचा विषय निघाला की बहुधा रोगराई आणि रक्तपिपासा यांचीच चर्चा होते. म्हणून इक्वेडोरमधील अँडीज पर्वताच्या धुकट जंगलांत फुलांतील मधुरसावर जगणाऱ्या एका चिमुकल्या जातीकडे लक्ष वेधावेसे वाटते. २००५ मध्ये शास्त्रीय नोंद झालेल्या या ‘अनौरा फिस्टुलाटा’चा खालचा ओठ नळीसारखा पुढे आलेला असतो, तर जीभ सुमारे ८.५ सेंटिमीटर, म्हणजे शरीराच्या दीडपट लांब असते. एवढी जीभ तोंडात मावणार कशी? तिचे मूळ चक्क छातीच्या पिंजऱ्यात, हृदय आणि उरोस्थी (छातीचे मधले हाड) यांच्या मध्ये असते आणि रस पिऊन झाला की ती तिथेच आत ओढली जाते.

जीवशास्त्रज्ञ नॅथन मुछाला यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ‘सेंट्रोपोगॉन निग्रिकॅन्स’ या वनस्पतीच्या ८ ते ९ सेंटिमीटर खोल फुलांचे परागीभवन केवळ हेच वटवाघूळ करते. तळाचा रस गाठण्यासाठी ते फुलाच्या तोंडाशी डोके भिडवते, तेव्हाच त्याला परागकण चिकटतात आणि पुढच्या फुलापर्यंत पोहोचतात.

आपला,
एक वाचक