‘बोलेल हळूहळू’ म्हणण्याआधी कान तपासा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

दोन वर्षांचे मूल बोलत नसले की घरात एकच सूर लागतो : ‘बोलेल हळूहळू, त्याचा काकाही उशिराच बोलला होता.’ हा धीर अगदीच खोटा नाही. दोन वर्षांच्या दर शंभरात साधारण 10 ते 15 मुले बोलण्यात मागे असतात आणि त्यांतली बरीचशी शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात. आपले मूल त्या बरीचशांत आहे की उरलेल्यांत, हे मात्र काकाच्या उदाहरणावरून कळत नाही.

24 महिन्यांना 50 हून कमी शब्द, किंवा ‘बाबा ये’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही, तर मूल उशिरा बोलणारे समजतात. मोजताना बोबडे शब्द धरावेत. ‘भू-भू’ दरवेळी कुत्र्यालाच म्हटले जात असेल तर तोही शब्दच. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले मिळून मोजावेत. ‘एक भाषा बंद करा’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. त्याला काहीही आधार नाही.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते मुलाला समजते किती. हात किंवा नजर न वळवता ‘चेंडू आण’ म्हणून पाहा. (आपण नकळत बोट दाखवतोच, आणि मग म्हणतो, ‘सगळं कळतं त्याला!’) आवडलेली गोष्ट बोटाने दाखवून ते तुमच्याकडे बघते का? नावाने हाक मारल्यावर वळते का? समज चांगली आणि खाणाखुणा भरपूर, तर आशेला जागा आहे. समजही कमी असेल तर वाट पाहू नये. आणि येत असलेले शब्द गेले, तर वय कोणतेही असो, लगेच डॉक्टर गाठावा.

सगळ्यात जास्त हेळसांड होते ती कानांची. ‘भांडे पडले की दचकतो, म्हणजे ऐकू येते’ हा पुरावा नव्हे. मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातले ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक आवाज निसटत असू शकतात. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत पडद्यामागे पाणी साठून ऐकणे कमी-जास्त होत राहते. जन्मानंतरची चाचणी ठीक आली होती, एवढ्यावरही थांबू नये. ओएई (कानाच्या आतल्या भागाचा प्रतिसाद मोजणारी) आणि बेरा (आवाजाला कानाची नस व मेंदू देतात तो प्रतिसाद मोजणारी) या ऐकण्याच्या तपासण्यांत मुलाला उत्तर द्यावे लागत नाही. झोपेतही त्या होतात.

जिभेखालच्या पडद्याला मात्र उगाच दोष देतात. त्याने फार तर काही उच्चार अडतील, शब्दसंग्रह अडत नाही. ‘आईच बोलत नाही त्याच्याशी’ हा टोमणाही बंद व्हावा. उशिरा बोलणे बरेचदा घराण्यात असते आणि मुलग्यांत जास्त दिसते.

घरी करण्यासारखे एक : ‘म्हण, काका म्हण’ अशी परीक्षा थांबवून मूल ज्याकडे बघते आहे त्याविषयी छोट्या वाक्यांत बोलावे आणि त्याच्या उत्तरासाठी थांबावे.

बालरोगतज्ज्ञांना विनंती, दीड आणि दोन वर्षांच्या भेटीत वजन-उंचीबरोबर समज, खाणाखुणा आणि ऐकणे यांचीही विचारणा व्हावी. पालकांनी विषय काढण्याची वाट पाहू नये.

आपली,
एक वाचक