विषय: रेडिओवरचा सकाळचा कार्यक्रम बंद केला, माझे पैसे परत करा

व्यवस्थापक साहेब,

काल तुमच्या कस्टमर केअरला चौथा फोन झाला. त्यानंतर लिहितोय, म्हणून नमस्कार वगैरे राहू दे.

शहापूरच्या खडे बाजारात माझं साड्यांचं दुकान आहे. सकाळी सात ते नऊच्या कार्यक्रमात दहा सेकंदांची जाहिरात घेतली, सहा महिन्यांचे निम्मे पैसे आगाऊ भरून. का, तर त्या वेळात एक मराठी भावगीत, एक कन्नड, असं आलटून पालटून लागायचं. वडगाव-अनगोळच्या बायका भाकऱ्या थापत ऐकायच्या आणि दुकानात येऊन "रेडिओवर ऐकलं" म्हणायच्या. दुसऱ्याच महिन्यात, कुणाला न सांगता, तुम्ही हिंदी हिट्स सुरू केले. निवेदकही गेला. शटर उघडताना जे गाणं, तेच डबा उघडताना.

आता कालचा फोन. बाई म्हणाल्या, "सर, गाणं कुठलंही असो, तुमची ॲड तर लागते ना?" लागते. दोन धांगडधिंग्यांच्या मधे इरकल साडीची जाहिरात, वरातीत कीर्तनकार उभा केल्यासारखी. मी म्हटलं, "बाई, लागते, खरं ऐकतंय कोण?" तर म्हणाल्या, "मराठीच हवं असेल तर तुमच्या महाराष्ट्रातलं स्टेशन लावा ना." मी म्हटलं, मी बेळगावात बसलोय. पलीकडे कीबोर्डची टकटक. मग, "हो सर, बेळगाव, महाराष्ट्र."

साहेब, बेळगाव कर्नाटकाचं की महाराष्ट्राचं, हा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुमच्या बाईंनी चार बोटांत निकाल लावला. प्रत पाठवा, दोन्ही सरकारांचा वकिलांचा खर्च वाचेल. शिवाय एफएमचा आवाका केवढा, कोल्हापूरचं स्टेशन शहापुरात कसं लागणार, हे रेडिओ कंपनीला साडीवाल्यानं सांगायचं? त्यानंतर मला अकरा मिनिटं होल्डवर ठेवलं. होल्डवर गाणं कुठलं? तेच, डबा उघडतानाचं.

माझं भांडण कन्नडशी नाही, हे नीट वाचा. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, भीमसेनजी गदगकडचे. दोघांच्या घरची भाषा कन्नड, आणि मराठी माणसानं दोघांनाही डोक्यावर घेतलं. भीमसेनजींचे मराठी अभंग आणि कन्नड दासपदं माझ्या दुकानात एकाच पेन ड्राइव्हवर आहेत. तुम्ही मराठी काढलं आणि कन्नडही काढलं. राहिलं काय, तर मुंबईत बसून कुणीतरी केलेली यादी. आणि तेही न सांगता!

राहिलेल्या चार महिन्यांचा हिशेब करा, आगाऊपैकी जे निघतील ते पंधरा दिवसांत परत द्या. पुढच्या हप्त्याचा चेक मी बँकेत थांबवलाय. खडे बाजारातल्या आणखी तिघांनी माझ्या शब्दावर तुमच्याकडे जाहिरात दिली होती, त्यांनाही सांगून झालंय. तुमचा इथला वसुलीचा पोरगा बिचारा दर महिन्याला येतो. या महिन्यातही येऊ दे. चहा मिळेल.

एक जाहिरातदार,
खडे बाजार, शहापूर, बेळगाव