भरारी पथकाचा रस्ता नाणं टाकून ठरवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बारावीची परीक्षा आली की भरारी पथकं वाढवा, अशी मागणी होते. मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं आणि पाच परीक्षांना अशा पथकात होते. माझं म्हणणं वेगळं आहे, पण ते मनापासूनचं आहे.

एका पेपरला आम्ही साडेअकराला एका केंद्रावर पोचलो. वर्गांत शांतता, खिडकीखाली गाइडच्या फाडलेल्या पानांचा ढीग. पेपर सुटल्यावर एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही आज येणार हे सकाळीच सगळ्यांना माहीत होतं." आमचा मार्ग आदल्या दिवशी टाइप होऊन चार टेबलांवरून फिरला होता. त्या मुलीनं वर्षभर प्रामाणिकपणे अभ्यास केला होता. तिला काय उत्तर द्यावं, ते मला सुचलं नाही.

समजा, दोनच केंद्रं आहेत, एकावर ६०० मुलं आणि दुसऱ्यावर २००. कॉपी पुरवणारी टोळी रोज एकाच केंद्रावर जाते, आणि पथक तिथे नसेल तर त्या केंद्रावरच्या सगळ्या मुलांचा पेपर नासतो. पथक रोज मोठ्या केंद्रावर बसलं, तर टोळी लहान केंद्र धरेल आणि २०० मुलांचं नुकसान होईल. निम्मे दिवस इथे, निम्मे तिथे ही वाटणी न्यायाची वाटते, पण तीत टोळी मोठ्या केंद्रावर जाऊन सरासरी ३०० मुलांचं नुकसान करते. चारात तीन वेळा मोठं केंद्र आणि एकदा लहान, अशी संधी ठेवली, तर टोळी कुठेही गेली तरी सरासरी १५०. यापेक्षा खाली उतरता येत नाही. रोज सकाळी दोन नाणी उडवा, दोन्ही छापा पडले तरच लहान केंद्र. हे प्रमाण तुमच्या वर्तमानपत्रात छापलं तरी बिघडत नाही. टोळीला प्रमाण कळलं, तरी आजचं नाणं कळत नाही.

खरी अडचण रस्त्याची. गाडी आता कुठे आहे, यावर पुढे कुठे वेळेत पोचता येईल ते ठरतं. घाटाखालच्या केंद्रावर गेलो, तर परत वर येईपर्यंत निम्मा पेपर उलटतो. म्हणजे आजच्या चालीवर उद्याचा डाव अवलंबून. असल्या डावांना गणितात स्टोकॅस्टिक गेम म्हणतात. अमेरिकन गणितज्ञ लॉइड शॅप्ली यांनी १९५३ मध्ये त्यांचा पाया घातला. हे खेळ सोडवायला फार कठीण. दोन्ही बाजूंच्या चालींनी परिस्थिती बदलत असेल, तर दिलेले सगळे आकडे परिमेय, म्हणजे पूर्णांक किंवा साधे अपूर्णांक, असूनही उत्तर अपरिमेय, म्हणजे २ च्या वर्गमुळासारखं अपूर्णांकात न मांडता येणारं, निघू शकतं. मग बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार कितीही केले तरी तंतोतंत उत्तर मिळत नाही, नुसतं जवळ जवळ जात राहावं लागतं.

आपल्या पथकाचा खेळ मात्र तसा नाही. टोळीनं कॉपीच्या चिठ्ठ्या फेकल्या काय किंवा न फेकल्या काय, जीप कुठे जाणार हे फक्त पथक ठरवतं. परिस्थिती एकाच खेळाडूच्या हातात असेल, तर परिमेय आकड्यांतून परिमेयच उत्तर निघतं, हे टी. पार्थसारथी आणि टी. ई. एस. राघवन यांनी १९८१ मध्ये सिद्ध केलं. दोघंही कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात अभिमानानं सांगत असे. एकाचा तोटा तोच दुसऱ्याचा फायदा असेल, तर असा खेळ लिनिअर प्रोग्रॅमिंगनं, म्हणजे ठरावीक मर्यादांत राहून सर्वांत चांगलं उत्तर शोधण्याच्या रीतीनं, सुटतो. ते बारावीच्या पुस्तकातच आहे, फक्त तिथे दोन चलं असतात आणि इथे पुष्कळ. दोघांची हितं अगदी उलट नसली, तरी समतोल काढता येतो. समतोल म्हणजे अशी जोडी, जिच्यात कोणालाही एकट्यानं आपला पवित्रा बदलून फायदा होत नाही. त्यासाठी लेमके आणि हाउसन यांची १९६४ ची रीत आहे. ठिकाणामागून ठिकाण फिरणाऱ्या निरीक्षकाचा असाच प्रश्न जेर्झी फिलार यांनी १९८५ मध्ये मांडला होता.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आमच्या पथकानं कॉपी पकडली की जबाब, पंचनामा, सह्या यांत दीड तास जाई. तेवढा वेळ गाडी तिथेच अडकलेली. म्हणजे गाडी कुठे असेल, हे समोरची बाजूही ठरवू लागते, आणि सोपा खेळ कठीण होऊन बसतो. एका केंद्रावर मुद्दाम दोन पोरं पकडू द्यायची आणि तेवढ्यात दुसरीकडे रान मोकळं, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून पंचनाम्याचं काम केंद्रावरच्या बैठ्या पथकाकडे द्यावं आणि भरारी पथकानं लगेच निघावं. पुढचं केंद्र कोणतं, याची चिठ्ठी गाडी सुरू झाल्यावरच काढावी, आदल्या दिवशी टाइप करू नये. एसटी स्टँडवरच्या पोरानं "जीप इथे उभी आहे" असा फोन पुढे केला, तर करू द्या. गाडी कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे, असं हिशेबात धरलेलंच असतं.

कोणत्याही तालुक्याच्या केंद्रांची विद्यार्थिसंख्या आणि आपसांतली अंतरं मिनिटांत कळवली, तर गाडी ज्या ज्या केंद्रावर असेल तिथून पुढे कुठे किती संधीनं जायचं, याचा तक्ता मी विनामूल्य करून देईन. घरच्या संगणकावर एक्सेलमधला सॉल्व्हर आहे, तेवढा पुरतो. निवृत्तीनंतर माझ्याकडे वेळही आहे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, जि. सांगली