बडोद्याला निघण्यापूर्वी

लेस्टर, १४ सप्टेंबर

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना साष्टांग नमस्कार,

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही दोघं बडोद्याला जाऊन शाळेच्या स्मरणिकेसाठी जुन्या शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या आठवणी गोळा करणार, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर सांगितलेलं ऐन वेळी आठवत नाही, म्हणून लिहून पाठवते. इथल्या वाचनालयात माझं रोजचं काम हेच आहे, त्यामुळे कुठे काय बिघडतं ते माहीत आहे. वहिनी, तुमची सगळी नोकरी वर्गात गेली. माझं चुकेल तिथे खुशाल काट मारा.

आधी यादी बघा. समितीने छान बोलणाऱ्यांची नावं वर घातली असणार. ती यादी वयाप्रमाणे पुन्हा लावा. पंच्याऐंशीच्या पुढचे शिक्षक पहिल्या दोन दिवसांत, बाकी सगळे नंतर. छान बोलणारा माणूस पुढच्या वर्षीही छान बोलेल, पण नव्वदीच्या बाईंचा पुढच्या वर्षीचा भरवसा धरता येत नाही. आणि यादीत फक्त शिक्षक-विद्यार्थी नकोत. घंटा देणारे शिपाई, फी घेणारे कारकून, प्रयोगशाळेत बाटल्या धुणारे मदतनीस यांनाही भेटा. कोणत्या मुलाची फी कोणत्या सरांनी गुपचूप भरली हे मुलाला ठाऊक नसतं आणि सर सांगत नाहीत. पावती फाडणाऱ्याला ते ठाऊक असतं.

‘एखादा अविस्मरणीय प्रसंग सांगा’ असं मात्र कोणालाही विचारू नका. त्या प्रश्नाला माणूस सत्कारात केलेलं भाषण परत करतो. ‘सर कडक होते, पण मनाने प्रेमळ होते.’ हे वाक्य महाराष्ट्र-गुजरातमधल्या कुठल्याही शाळेतल्या कुठल्याही सरांना लागू पडतं, म्हणून छापलं तरी त्यातून कोणीच डोळ्यांसमोर उभं राहत नाही. त्याऐवजी वस्तू विचारा. घंटा पितळेची थाळी होती की रुळाचा टांगलेला तुकडा? पाटी दगडी होती की पत्र्याची, आणि ती पुसायला काय? टाक-दौत कितवीपासून? शाईच्या गोळ्या घरी भिजवायच्या की शाई शाळेत मिळायची? फळा काळा करायला काय फासायचे आणि ते काम कोणाकडे? दप्तर कापडी पिशवीचं की पत्र्याच्या पेटीचं? हात वस्तूपर्यंत पोचला की माणूस मागून आपोआप येतो. शाई सांगता सांगता एखाद्या आजोबांना सांडलेली दौत आठवेल, दौतीवरून बाकावरचा शेजारी, आणि शेजाऱ्यावरून त्या दिवशी सर काय म्हणाले ते. तुम्ही फक्त गप्प बसायचं. उत्तर संपलंसं वाटलं की मनात दहा आकडे मोजा आणि मगच पुढचा प्रश्न. पुष्कळदा खरी गोष्ट त्या दहा आकड्यांतच येते.

पाढे नक्की म्हणून घ्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. ज्यांच्या तोंडी औटकी अजून आहे अशी माणसं आता थोडी उरलीत. चालीसकट रेकॉर्ड करा, कारण कागदावर चाल उतरत नाही. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण होता तोवर हे अपूर्णांकांचे पाढे बाजारात रोज लागत. दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-मीटर आले आणि शाळांतून ते हळूहळू गेले. म्हणताना कोणी अडखळलं तर थांबवू नका आणि दुरुस्तही करू नका. अडखळणंसुद्धा राहू दे.

शिक्षकांना भेटताना वेगळी तयारी लागते. विद्यार्थ्याला पाचसहा शिक्षक आठवायचे असतात, शिक्षकाला हजारो मुलं. कोरा प्रश्न टाकला की ते ओशाळतात आणि सगळ्यांबद्दल चांगलं बोलून मोकळे होतात. वहिनी, तुम्हाला माहीतच आहे, कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, वर्षभर रोज वाचल्यावर नावांची एक साखळी तोंडात बसते. म्हणून मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्यांच्या एका तुकडीची नावं क्रमाने लिहून न्या आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. चारपाच नावांनंतर ‘हा मागच्या बाकावर’, ‘हिची आई यायची’ असं सुरू होतं. मात्र जनरल रजिस्टरच्या पानांचे फोटो काढू नका. त्यात जात, जन्मतारीख, पत्ता सगळं असतं आणि ते आपल्या कामाचं नाही. नाव आणि वर्ष एवढंच उतरवून घ्या. टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या तयारीच्या, जुन्या वह्या, इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवसाची धावपळ, ऑफ तासाला काय करायचे, हेही विचारा. दिपोटी, म्हणजे तपासणीचे साहेब, येणार म्हटल्यावर कच्च्या मुलांना कुठे बसवायचे, याचं उत्तर प्रत्येक शिक्षकाकडे असतं.

एकाच वर्गातले दोघं भेटले तर आधी वेगवेगळे बसवा, एकत्र नंतर. एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण खरी ठरते आणि दुसरा ‘हो, हो, तसंच’ म्हणत जातो. वेगळं सांगितलेलं जुळलं नाही तरी दोन्ही ठेवा. एकाच स्नेहसंमेलनाच्या गोंधळाची शिक्षकाची बाजू आणि मुलाची बाजू शेजारी शेजारी छापली तर स्मरणिकेतलं सगळ्यात चांगलं पान तेच होईल.

आता वर्षांबद्दल. ‘कोणतं साल?’ असं विचारलं की माणूस अंदाजाने आकडा ठोकतो आणि मग त्यालाच चिकटून राहतो. साल न विचारता खूण विचारा. बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं, गुजरात राज्य १ मे १९६० रोजी झालं. शाळेतल्या समारंभात झेंडा कोणता, शेवटची परीक्षा पुण्याच्या बोर्डाची की गुजरातच्या, यावरून माणूस कुठल्या टप्प्यातला ते कळतं. १९७४ च्या, गुजरातमधल्या विद्यार्थ्यांच्या नवनिर्माण आंदोलनात शाळा बंद होत्या, जुलै १९७९ मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक पडण्याची भीती होती, या खुणा मुलांच्या मनात पक्क्या असतात. युद्धामुळे दिव्यांना काळे कागद १९६५ लाही लावले आणि १९७१ लाही, तिथे घोळ हमखास होतो. त्या दिवसांत पाऊस होता की थंडी, एवढं विचारा. पासष्टचं मोठं युद्ध सप्टेंबरात, एकाहत्तरचं डिसेंबरात. फीच्या आकड्यात आणखी एक फसगत आहे. नये पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, पण लोक ‘चार आणे, आठ आणे’ पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले, कारण ते नेमके २५ आणि ५० पैसे होतात. म्हणजे ‘आठ आणे फी होती’ यावरून काळ ठरत नाही. ‘एक आणा तीन पै’ असं कोणी म्हणालं तर मात्र ती ५७ च्या आधीची गोष्ट. ‘नये’ हा शब्द नाण्यांवरून १९६४ मध्ये गेला.

बडोद्यात एक प्रश्न मुद्दाम विचारा: तुमच्या घरातली शाळेत गेलेली पहिली बाई कोण? सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. सक्ती मुलींनाही होती, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होई. त्यामुळे आजच्या नव्वदीच्या आजींची आईसुद्धा शाळेत गेलेली असू शकते. त्या बाईचं पुस्तक, सही, पोथीच्या कोऱ्या पानावर लिहिलेलं नाव, काहीही घरात असेल तर बघायला मागा. महाराज मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांचं खरं शिक्षण तिथून सुरू झालं. नाशिकहून आलोय म्हणालात तर जुन्या घरांत ही ओळख चटकन लागते.

भाषेला हात लावू नका, हे अगदी कळकळीने सांगते. आपली बडोद्याची माणसं मधल्या सुट्टीला ‘रिसेस’ म्हणतील, गृहपाठाला ‘लेसन’ म्हणतील, कोणी ‘आठव्या धोरणात होतो’ असंही म्हणेल. गुजरातीत धोरण म्हणजे इयत्ता. पुण्याच्या मुद्रितशोधकाने तिथे ‘आठवीत’ केलं की बडोदंच पुसलं जातं. छापताना शब्द तसाच ठेवा. वाचकाला कळणार नाही अशी शंका आली तर पुढच्या वाक्यात अर्थ आपसूक येईल असं बघा. गुजराती दुसरी भाषा म्हणून शिकताना काय अडायचं, शेजारच्या गुजराती शाळेतल्या मुलांशी खेळताना कोणती भाषा बोलायचे, हे विचाराल तर आणखी पुष्कळ शब्द मिळतील.

छडीचा विषय निघणारच. पुष्कळ जण हसत सांगतील, ‘मार खाल्ला म्हणून घडलो.’ ते लिहून घ्या, पण तिथे थांबू नका. कशासाठी मारलं, कशाने, किती, घरी सांगितलं का, शाळा कोणी सोडली का, हे शांतपणे विचारा. जे शाळा सोडून गेले ते स्मरणिकेच्या यादीत नसतात, म्हणून त्यांची नावं इतरांकडूनच कळतात. आता शिक्षणहक्क कायद्याने, म्हणजे २०१० पासून, शाळेत मारायला बंदी आहे. त्यावेळचा मार गोड करून छापणं मला अन्यायाचं वाटतं. उलट कोणी शिक्षक स्वतःहून म्हणाले की अमुक मुलाला उगाच मारलं, तर ते त्यांच्याच शब्दांत ठेवा, मात्र त्या मुलाचं नाव छापू नका.

रेकॉर्डिंग फोनवर चालेल. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर मधे फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. रेकॉर्डर ॲपमध्ये वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, मोनो निवडा. तासाला साधारण साडेतीनशे एमबी लागतात, तेव्हा निघण्यापूर्वी दहा जीबी तरी मोकळे करा. कॉलरचा छोटा माइक पाठवतेय. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा. पदर, शाल किंवा मंगळसूत्र त्यावर घासलं की शब्द जातात, म्हणून काठाच्या आत नको, बाहेर. बांगड्या टेबलावर आपटतात, हातांखाली टॉवेल घाला. पंखा बंद ठेवावा लागतो, त्यामुळे सकाळी आठ ते दहा ही वेळ उत्तम. दुपारी उकाड्याने वयस्कर माणूस पाऊण तासात थकतो. आणि दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत पाहुण्यांना बोलावून यजमान स्वतः झोपाळ्यावर बसतात. झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर प्रत्येक वाक्यावर बसते, नंतर काढता येत नाही. ‘इथे खुर्चीवर जवळ बसू या’ असं वहिनींनी म्हटलं तर कोणी नाही म्हणणार नाही. सुरुवातीला तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव आणि विचारणाऱ्याचं नाव मोठ्याने बोला, एक मिनिट ऐकून बघा, मग पुढे. एका बैठकीला तासाभराहून जास्त नको. शक्य तिथे दोन दिवसांनी परत जा, कारण पहिल्या भेटीने आठवण हलते आणि रात्रीतून वर येते.

फोटोंचं काम दादाने करावं. जुने वर्गाचे फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात. सोडवू नका, लॅमिनेट करू नका, फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होतो आणि चित्रात मुरतो. स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआय, पुढची आणि मागची दोन्ही बाजू. स्टुडिओचा शिक्का मागेच असतो. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही. फोनमागे काळं कापड धरून काचेतूनच काढायचा, म्हणजे खिडकीची झाक पडत नाही. नावं मूळ फोटोवर लिहू नका. झेरॉक्स काढून प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका आणि नावं वेगळ्या कागदावर. ‘डावीकडून तिसरा’ यात नेहमी घोटाळा होतो, कारण काही जण फोटोत बसलेल्यांची डावी बाजू धरतात. आकडा असला की प्रश्न मिटतो. प्रत्येक नावापुढे ते कोणी ओळखलं तेही लिहा. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही. आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन बारीक होतो.

संमती बोलणं झाल्यावर घ्या, आधी नको, कारण काय बोलणार हे आधी त्यांनाही ठाऊक नसतं. एका कागदावर तीन प्रश्न पुरेत: छापायचं का, आवाज ठेवायचा का, नाव घालायचं का. प्रत्येकाला वेगळं हो-नाही आणि खाली सही. रोज रात्री सगळं पेनड्राइव्हवर उतरवा. फाइलच्या नावात आधी तारीख, मग क्रमांक. एक प्रत शाळेकडे, एक नाशिकला, एक माझ्याकडे. ऐकून लिहून काढायला एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास लागतात. सगळं तुम्हीच करायचा हट्ट धरू नका, काही मला पाठवा, शनिवार-रविवारी करते.

माइक शेजारच्या काकूंबरोबर येतोय, त्या २ तारखेला मुंबईत उतरतील. त्याची पिन गोल आहे आणि दादाच्या नव्या फोनला गोल भोक नसावं, म्हणून डबीत जोडणीची छोटी वायर घातली आहे. ती बसते का ते नाशिकलाच लावून बघा आणि वहिनींकडून औटकीचं पहिलं कडवं रेकॉर्ड करून मला पाठवा. आवाज फुटतोय का ते मी इथे ऐकून लगेच कळवते.

आईच्या फोटोला माझा नमस्कार. मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमची,
ताई