1969 च्या जुलैमधल्या त्या आठवड्याबद्दल, काका, तुमचे आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आईच्या वाढदिवसासाठी मी तुमच्या ग्रंथालयात एका दिवसाचं वर्तमानपत्र मागायला आले होते. माणूस चंद्रावर उतरला तो दिवस, 21 जुलै 1969. तुम्ही तारीख ऐकलीत, आत गेलात आणि अख्खा जुलैचा बांधीव खंडच टेबलावर आणून ठेवलात. "बुधवारपासून वाच," एवढंच म्हणालात. कागद इतका ठिसूळ की प्रत्येक पानाखाली तुम्ही आधी पुठ्ठा सरकवत होतात, मग पान उलटत होतात. त्या धीराबद्दल आणि त्या "बुधवारपासून"बद्दल हे पत्र.

काय बुधवार होता तो! 16 जुलै. इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं. त्याच दिवशी, आपल्या घड्याळात संध्याकाळचे सात वाजून गेले असताना, अपोलो 11 निघालं. आणि तासाभराने, आठ वाजता, रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला! एकाच संध्याकाळी लोकांनी यातलं काय काय कान देऊन ऐकलं असेल, या विचाराने मी ते पान किती वेळ सोडलंच नाही.

मग शनिवार. चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण, रात्री आकाशवाणीवरून पंतप्रधानांचं भाषण. त्या चौदांत बँक ऑफ महाराष्ट्रही होती. आजोबांचं पासबुक तिथलंच, त्यामुळे आमच्या घरी चंद्राआधी बँकेचीच चर्चा झाली असणार. वटहुकमावर सही करणारे हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी दुसऱ्याच दिवशी निवडणूक लढवायला राजीनामा देऊन मोकळे झाले आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपतींच्या खुर्चीवर बसले. त्याच रविवारच्या मध्यरात्रीनंतर, पावणेदोनच्या सुमारास, 'ईगल' चंद्रावर टेकलं.

मी मागितलेल्या अंकात मात्र ते पाऊल सापडणारच नव्हतं, हे तुम्हीच समजावून सांगितलंत. आर्मस्ट्राँग शिडीवरून उतरले तेव्हा इथे सोमवारी सकाळचे 8 वाजून 26 मिनिटं झाली होती. पेपर केव्हाच घरोघरी पोचले होते. मुंबईत दूरदर्शन यायला 1972 उजाडायचं होतं. म्हणजे महाराष्ट्राने ते पाऊल आधी ऐकलं, छापलेलं वाचलं मंगळवारी. आई म्हणायची, "आम्ही रेडिओभोवती उभे होतो, शाळेला उशीर झाला तरी कुणी ओरडलं नाही." तिच्या त्या वाक्याला तुम्ही वार आणि वेळ मिळवून दिलीत. माझ्या लेखी ही फार मोठी भेट आहे.

एकच तारीख काढून दिली असतीत तरी तुमचं काम झालं असतं. पण आठवणीत नुसता चंद्र उरतो आणि त्याच्या शेजारची बँक, राजीनामा, गाणी गळून जातात. तुम्ही ती सगळी एकत्र परत दिलीत.

पानांचे फोटो आईला दिले. तिने पहिल्यांदा वाचल्या त्या सिनेमाच्या जाहिराती! आता तिला ऑगस्टचा खंड बघायचा आहे. दुसऱ्या पसंतीची मतं मोजून गिरी निवडून आले, ती मतमोजणी आजोबांनी रेडिओवर कशी ऐकली हे ती तुम्हाला स्वतः सांगणार आहे. पुढच्या शनिवारी तिला घेऊन येते. चालेल ना?

तुमची,
एक वाचक